भेग बुजवणारं मीठ

पेण तालुक्यातल्या आमच्या जोहे गावात घरोघरी गणपतीचे कारखाने. शाडूची मूर्ती वाळताना तिला बारीक भेगा पडतात. त्या बुजवल्या, पॉलिश पेपर फिरवला, की मगच रंग. कारखान्यावर सौर पॅनेल बसवायला निघालेल्या पुतण्यानं मला विचारलं, "काका, त्या पातळ थराच्या पॅनेलात विष असतं म्हणे, खरं का?"

त्याला मी भेगांवरूनच समजावलं.

नेहमीच्या पॅनेलात सिलिकॉनची चकती असते, साधारण दीडशे मायक्रॉन जाडीची. पातळ थराच्या सौरघटात काचेवर कॅडमियम टेल्युराइडचा जेमतेम दोन-तीन मायक्रॉनचा थर असतो. माल कमी लागतो, हा त्याचा मोठा फायदा. पण हा थर बारीक स्फटिककणांचा असतो. उन्हानं मोकळे झालेले इलेक्ट्रॉन बाहेर पडण्याआधीच कणांच्या सांध्यांमध्ये अडकून वाया जातात.

म्हणून थरावर कॅडमियम क्लोराइडचा लेप देऊन तो सुमारे ४०० अंश सेल्सिअसला काही मिनिटं तापवतात. लहान कण मिळून मोठे होतात, क्लोरीन सांध्यांत जाऊन बसतो आणि तिथले दोष झाकतो. एवढ्या एका प्रक्रियेनं काही टक्क्यांवर रेंगाळणारी कार्यक्षमता दहा टक्क्यांच्या पुढे जाते. प्रयोगशाळेत तर ती आता २२ टक्क्यांच्या पुढे गेली आहे.

पुतण्याची शंका मात्र रास्त होती. कॅडमियम क्लोराइड पाण्यात सहज विरघळतं आणि ते कर्करोगकारक आहे. धोका मुख्यतः ते हाताळणाऱ्या कामगाराला आणि धुतलेलं पाणी जिथे जाईल तिथे.

२०१४ मध्ये इंग्लंडच्या लिव्हरपूल विद्यापीठातले जॉन मेजर आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये दाखवलं, की त्याऐवजी मॅग्नेशियम क्लोराइड वापरलं तरी तेवढीच कार्यक्षमता मिळते. हे विषारी नाही, किमतीलाही कितीतरी स्वस्त. आपल्या पेणच्या मिठागरांत मीठ ओढून घेतल्यावर जे कडू पाणी उरतं, त्यात हेच असतं!

असे थर रासायनिक द्रावणातून बसवण्यावर आपल्याकडे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. सी. डी. लोखंडे यांनी दीर्घकाळ काम केलं आहे. २०२४ मध्ये तमिळनाडूत कॅडमियम टेल्युराइड पॅनेलच्या मोठ्या कारखान्याचं उद्घाटनही झालं.

पुतण्याला मी एवढंच सांगितलं: काचेत बंद असलेला थर पाण्यात विरघळत नाही, तेव्हा छपरावरच्या पॅनेलची भीती नको. मात्र ते फुटलं किंवा जुनं झालं तर भंगारात टाकू नकोस. कंपनी परत घेणार का, हे घेतानाच लिहून घे.