बाही मनगटापर्यंत

रमजानच्या आधीचा शाबान महिना लागला की माझ्या दुकानात काळ्या कापडाचे ढीग पडतात. मिरजेत मी बुरखे, सलवार-कमीज आणि पोरांचे कुर्ते शिवते. माझे वडीलही शिवणकामच करायचे, पण त्यांच्या हातून बुरखे फार थोडे गेले. आजी नऊवारी नेसायची आणि बाहेर पडताना पदर डोक्यावरून पुढे ओढायची. आमच्याकडच्या खेड्यांत शेतात राबणाऱ्या कितीतरी मुसलमान बायकांचा हाच वेष होता. आईच्या वेळी दोन तुकड्यांचा बुरखा आला. खाली झगा, वर टोपी आणि तोंडावर टाकायला पातळ पडदा. आता गिऱ्हाईक अबाया मागतं. त्याला निदा नावाचं मऊ कापड लागतं, बाही मनगटाशी घट्ट, वर हिजाब वेगळा. सौदी, दुबईला नोकरीला गेलेल्या भावांनी आणि नवऱ्यांनी असे अबाये आणले, तेच समोर पसरून आम्ही कापायला शिकलो.

हे मुद्दाम सांगते, कारण पुष्कळांना वाटतं की मुसलमान बाईचा एकच ठरलेला पोशाख आहे आणि तो पैगंबरांच्या काळापासून तसाच चालत आलाय. तसं नाही. कुराणाच्या 24व्या सूरेत ओढणी छातीवरून घ्यायला सांगितलंय आणि 33व्या सूरेत बाहेर पडताना वरचं वस्त्र अंगाभोवती ओढून घ्यायला. कापड काळंच हवं असं कुठेही लिहिलेलं नाही. चेहरा झाकायचा की नाही, यावर आलिम, म्हणजे धर्मपंडित, लोकांमध्ये शेकडो वर्षं मतभेद आहेत. हजला गेलेल्या बाईनं एहराममध्ये, म्हणजे हजच्या पवित्र अवस्थेत, असताना नकाब बांधायचा नसतो. पुरुषांना तर त्या वेळी शिवलेलं कापडच चालत नाही, बिनशिलाईच्या दोन चादरी. कफनही तसंच, पुरुषाला तीन कपडे, बाईला पाच. आमच्या दुकानातून पांढरं कापड फाडून दिलं जातं, मशीनखाली ते कधी जात नाही.

24व्या सूरेतली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. 30वी आयत आधी पुरुषांना सांगते की नजर खाली ठेवा. मग 31वी बायकांनाही तेच सांगते आणि त्यानंतर ओढणीचा विषय निघतो. म्हणजे कापडाच्या आधी नजर आली, आणि तीही स्वतःची. दुकानातल्या बाकावर बसलेल्या बायका मात्र दुसरीच्या कापडाबद्दल बोलतात. अमकीची बाही कोपरापर्यंतच होती. तमकीचे केस दिसत होते. मी कात्री खाली ठेवून म्हणते, “खाला, ही गीबत झाली.” उत्तर ठरलेलं असतं, “झूट थोडीच बोलरी मैं?” अगं, पण पाठीमागे खरं बोललं तरच ती गीबत. खोटं असेल तर तो बोहतान, म्हणजे खोटा आळ, त्याहून वाईट. हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांमध्ये, हा फरक स्पष्ट केलेला आहे. आणि 49व्या सूरेत संशय घेणं, दुसऱ्याच्या खाजगीत डोकावणं आणि पाठीमागे बोलणं ही तिन्ही एकाच आयतीत मना केली आहेत. बाकावर तिन्ही एका चहात होतात, याचं मला मनापासून दुःख होतं.

पुरुषांचंही हेच. पायजमा घोट्याच्या वर हवा, हे माप सांगताना काही पोरं माझ्याशी फार नम्रपणे बोलतात, आणि बाहेर उभ्या असलेल्या जीन्सवाल्या चुलतभावाला तिथल्या तिथे सुनावतात. लांब लुंगी जमिनीवर लोळवत चालणं ही पैगंबरांच्या काळी श्रीमंतीची मिजास होती आणि त्यांनी तिचा निषेध केला. त्यांचे साथीदार हजरत अबू बकर यांनी विचारलं, माझं वस्त्र एका बाजूनं आपोआप घसरतं, मी काय करू? त्यांना उत्तर मिळालं की तुम्ही ते घमेंडीनं करणाऱ्यांपैकी नाही. बुखारीच्या हदीस-संग्रहात ही हदीस आहे. काही आलिम तरीही घोट्यावरचंच माप धरतात, तो त्यांचा अधिकार. पण आखूड पायजम्याची जर घमेंड वाटायला लागली, तर आपण नेमकं काय पाळलं?

माझी एक गिऱ्हाईक दवाखान्यात सिस्टर आहे. तिथला गणवेश घालते, डोकं उघडं असतं. गल्लीतल्या कितीतरी म्हाताऱ्या रात्री-अपरात्री तिला उठवून इंजेक्शन घेतात आणि सकाळी तिच्याच ‘बेपर्दा’ असण्यावर बोलतात. फजरची, म्हणजे पहाटेची, नमाज ती चुकवत नाही, हे त्यांना माहीत नाही. आणि ते त्यांना माहीत असण्याचं काही कारणही नाही.

बुरखा घालणारीचे हाल वेगळे. कॉलेजला जाणारी एक पोरगी मैत्रिणींबरोबर रसाच्या गाड्यावर मोठ्यानं हसली, तर ओळख ना पाळख असलेल्या माणसानं हटकलं, “बुरखा पैनके ऐसा हसते क्या गे?” बिनबुरख्याच्या मैत्रिणीही हसतच होत्या, त्यांना तो काही बोलला नाही. दाढी ठेवलेल्या पोराचंही तसंच. एखाद्या दिवशी तो रागावला की ‘दाढी ठेवून असं वागतो’ म्हणतात. अंगावर धर्माची खूण दिसली की सगळ्या गल्लीला त्या माणसावर देखरेखीचा परवाना मिळतो. बाहेरचे लोकही कपड्यावरूनच ठरवतात, कुणी घाबरतात, कुणी कीव करतात. 2022 मध्ये कर्नाटकातल्या कॉलेजांतल्या हिजाबबंदीच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. तेव्हा पोरींच्या डोक्यावरच्या कापडावर देशभर चर्चा झाली, पण त्या कुठला विषय शिकतात हे फार थोड्यांनी विचारलं.

मी बुरखा घालते. माझी धाकटी बहीण घालत नाही. एका ताटात जेवतो, एका चटईवर नमाज पढतो. मी शिवलेल्या बुरख्यामुळे कुणाचं ईमान वाढलं असं मी कधीच म्हणणार नाही. कुराणात तक्वाच्या, म्हणजे अल्लाहचं भान ठेवून वागण्याच्या, पोशाखाला सगळ्यात उत्तम म्हटलंय. त्याचं माप माझ्या टेपेत बसत नाही, बाकावरच्या कुणाच्याही नाही.

परवा एक आई मुलीला घेऊन आली. सोयरीक ठरत होती आणि सासरचे बघतील म्हणून तिला लांब घेराचा अबाया आणि नकाब हवा होता. मी आईला खुर्चीवर बसवलं आणि मुलीलाच विचारलं, “बेटा, तुला कसा हवा?” मुलगी म्हणाली, “आपा, अबाया घालीन, पण मी स्कूटी चालवते. घेर चाकात अडकतो.” नकाबाचं नंतर बघू, असंही ती म्हणाली. आई थोडी कुरकुरली. मी घेर कमी धरला, बाजूला चेन लावायचं ठरवलं, लांबी घोट्याला आणि बाही मनगटापर्यंत लिहून घेतली. नकाबाचं कापड आईनं परत पिशवीत ठेवलं.