पिक-अप गाडीचे पुढचे सांधे : झीज ओळखा, वेळीच बदला

शेतमाल पिकविणे जितके कष्टाचे, तितकेच तो वेळेवर व सुखरूप बाजारात पोचविणे महत्त्वाचे होय. बैलगाडीच्या आखाला वंगण घातल्यावाचून कोणी लांबच्या बाजाराला निघत नसे. आज टोमॅटो, कांदा, भाजीपाला यांची वाहतूक अनेक शेतकरी पिक-अप गाडीने करतात. परंतु तिच्या पुढच्या चाकांच्या सांध्यांकडे मात्र गाडी अडून बसेपर्यंत सहसा कोणी पाहत नाही. लाखावर किलोमीटर धावलेल्या गाडीच्या बाबतीत ही उपेक्षा जिवावर बेतू शकते.

झीज का होते ?

पुष्कळ पिक-अप गाड्यांत पुढचे प्रत्येक चाक वरच्या व खालच्या अशा दोन आर्मना बॉल जॉइंटने जोडलेले असते. आर्मची दुसरी बाजू रबरी बुशांवर हलते. धक्के शोषण्याचे काम स्प्रिंग व शॉक अॅब्सॉर्बर करतात, तर टाय रॉड चाक वळवितो. ज्या गाडीला पुढे पाटे व अखंड आख असतो, तिच्यात बॉल जॉइंटऐवजी बहुधा किंग पिन असते. शेतरस्त्यावरील खड्डे, प्रमाणाबाहेर भार आणि चिखल ही झिजेची मुख्य कारणे होत. बॉल जॉइंटची रबरी टोपी फाटली की आत माती शिरते, ग्रीस निघून जाते आणि सांधा झपाट्याने खिळखिळा होतो. भरलेली गाडी घाट उतरत असता खालचा बॉल जॉइंट निखळला, तर चाक आडवे पडते व स्टेअरिंग हाती राहत नाही.

तपासणी कशी करावी ?

खड्ड्यातून जाताना खट्खट् आवाज येणे, सरळ रस्त्यावर गाडी भरकटणे, टायर एकाच कडेने झिजणे, शॉक अॅब्सॉर्बरवर तेल ओघळणे ही झिजेची लक्षणे आहेत. तपासणीसाठी गाडी सपाट व टणक जागी उभी करावी, हँडब्रेक लावावा आणि मागील चाकांना दगडाची उटी द्यावी. स्प्रिंगचा भार खालच्या आर्मवर येत असल्यास जॅक त्या आर्मखाली, चाकाच्या शक्य तितक्या जवळ लावावा. तरच सांध्यावरील ताण सुटून त्यातील ढिलेपणा दिसतो. चाक घड्याळातील १२ व ६ च्या जागी धरून हलवावे. ते डुगडुगल्यास दुसऱ्या माणसाने ब्रेक दाबावा. ढिलेपणा नाहीसा झाला तर दोष बेअरिंगचा, कायम राहिला तर बॉल जॉइंटचा किंवा किंग पिनचा समजावा. ९ व ३ च्या जागी धरून हलविल्यास टाय रॉडच्या टोकाची झीज कळते.

बदलताना घ्यावयाची काळजी

केवळ जॅकच्या आधारावर असलेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. चासीखाली मजबूत लोखंडी घोड्या लावाव्यात. दबलेल्या स्प्रिंगमध्ये प्रचंड जोर साठलेला असतो. खालच्या आर्मला आधार न देता सांधा सोडल्यास ती उसळून प्राणघातक इजा होते. म्हणून हे काम अनुभवी मेकॅनिककडूनच करून घ्यावे. मालकाने मात्र पुढील गोष्टी नीट झाल्या की नाही हे पाहावे :

१. बॉल जॉइंटची निमुळती दांडी व तिचे भोक कोरडे व स्वच्छ असावे. तेथे ग्रीस लावू नये.

२. नट कंपनीने सांगितलेल्या जोरानेच आवळावा. स्प्लिट पिनचे भोक जुळत नसल्यास नट किंचित अधिक आवळावा, सैल करू नये. पिन नवीच घालावी.

३. बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करूनच अखेरचे आवळावेत. चाक लोंबकळत असता आवळल्यास रबर पिळलेले राहते व लवकर फाटते.

४. टाय रॉडचे जुने टोक काढताना त्याचे फेरे मोजावेत व नवे तितक्याच फेऱ्यांनी बसवावे.

५. शॉक अॅब्सॉर्बर दोन्ही बाजूंचे एकाच वेळी बदलावेत.

काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट अवश्य करून घ्यावी. अन्यथा नवे टायरही अल्पावधीत झिजून सुट्या भागांवर केलेला खर्च वाया जातो. थोडे अंतर चालविल्यानंतर चाकांचे नट पुन्हा तपासावेत.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगाम सुरू होण्यापूर्वी गावात अशा तपासणीचे प्रात्यक्षिक घडवून आणावे. त्यास एक जॅक, एक पहार आणि दोन माणसे पुरतात. गाडीत मालाबरोबर घरची माणसेही असतात, हे ध्यानी ठेवून शेतकरी बंधूंनी या कामी चालढकल करू नये. ग्रीसचे निपल असलेल्या सांध्यांना नियमित ग्रीस, टायरांत योग्य हवा आणि गाडीच्या क्षमतेइतकाच भार, एवढी दक्षता घेतल्यास नवे सांधे दीर्घकाळ टिकतात.