सेकंदाच्या पोटातील काळ

आपल्या पंचांगकर्त्यांनी घटकेचे साठ पळ आणि पळाचे साठ विपळ केले, तेव्हा एक विपळ आजच्या ०.४ सेकंदाइतका भरला. सेकंदाहून लहान काळाला स्वतंत्र नाव असावे ही गरज यंत्रयुगाच्या पुष्कळ आधीच मान्य झाली होती. आश्चर्य हे की, १९५८ साली एमआयटीमध्ये जॉन मॅकार्थी यांनी जिचा पाया घातला त्या लिस्प भाषेच्या ‘कॉमन लिस्प’ या शाखेचे मानक १९९४ साली अमेरिकेत मंजूर झाले, तेव्हा त्या दस्तऐवजात तारखेसह विपळ सांगणारे एकही घड्याळ नव्हते.

घड्याळे होती दोन, आणि दोहोंची हद्द निराळी. ‘गेट-युनिव्हर्सल-टाइम’ हे पहिले १ जानेवारी १९०० च्या ग्रिनिच मध्यरात्रीपासून लोटलेले सेकंद सांगते, परंतु केवळ पूर्णांकात. ‘गेट-इंटर्नल-रिअल-टाइम’ हे दुसरे सेकंदाचे अंश मोजते. मात्र त्याचा आरंभबिंदू कोणता हे ठरविण्याची मुभा मानकाने प्रत्येक कंपायलरला दिलेली असल्यामुळे त्याच्या आकड्यावरून तारीख निघत नाही, दोन आकड्यांची वजाबाकी तेवढी करता येते. सेकंदाचे भाग किती पाडावेत हेही ज्याचे त्याने ठरवावयाचे: एसबीसीएल या प्रचलित कंपायलरात ते एके काळी १,००० होते, आज ६४ बिटांच्या यंत्रांवर १०,००,००० आहेत. या मोकळीकीला बेपर्वाई म्हणणे अन्यायाचे होईल. कॉमन लिस्प ही अनेक बोलींच्या तहातून जन्मलेली भाषा. त्या बोली बोलणाऱ्या यंत्रांपैकी लिस्प मशीनवर तर काळ सेकंदाच्या साठाव्या हिश्श्यांत मोजीत.

पहिल्या घड्याळाचा सेकंद पालटताच दुसऱ्याचा आकडा टिपून ठेवावा आणि पुढे त्यातील फरक मिळवीत जावा, ही युक्ती अनेकांना सुचते. आम्हाला ती मान्य नाही. नेटवर्कवरील कालसेवा पहिल्या घड्याळाची वेळोवेळी दुरुस्ती करीत असते, त्या दुरुस्तीची खबर दुसऱ्याला पोहोचेलच अशी शाश्वती नसते, आणि मग एकदा घातलेली सांगड दिवसागणिक सुटत जाते. दुसरे घड्याळ एखादे काम किती वेळात झाले हे मोजण्यासाठीच राखावे. तारखेसह अंश हवा असेल तर थेट ऑपरेटिंग सिस्टिमकडे मागावा. एसबीसीएलमधील ‘गेट-टाइम-ऑफ-डे’ हे फंक्शन एकाच हाकेला दोन पूर्णांक देते: १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद, आणि त्यावरचे मायक्रोसेकंद. सेकंदांत २,२०,८९,८८,८०० मिळविले की आपण लिस्पच्या १९०० सालच्या गणनेत येतो.

खरा धोका यानंतरच्या बेरजेत आहे. मायक्रोसेकंदांना १००००००.० ने भागून भागाकार सेकंदांत मिळविणे अगदी निरुपद्रवी वाटते; परंतु असा दशांश लिस्प मुळात ‘सिंगल फ्लोट’ समजते, आणि पूर्णांकाची त्याच्याशी बेरीज झाली की उत्तरही त्याच जातीचे होते. त्या जातीला अवघे २४ बिट अचूकतेसाठी मिळतात. १९०० पासूनचे सेकंद आज पावणेचार अब्जांपलीकडे गेले असल्यामुळे त्या प्रदेशात लगतच्या दोन संख्यांमधील अंतर चक्क २५६ सेकंदांचे असते. म्हणजे विपळ साधावयास निघालेल्याच्या हातून चार मिनिटे निसटतात, आणि यंत्र चुकीची सूचनासुद्धा देत नाही. ‘डबल फ्लोट’मध्ये हेच अंतर सुमारे अर्ध्या मायक्रोसेकंदावर येते. परंतु लिस्पपाशी याहून उत्तम तजवीज आहे: ती अपूर्णांक अंश-छेदाच्या रूपात जसाच्या तसा बाळगते आणि कितीही मोठा पूर्णांक न सांडता पेलते, म्हणून १००००००.० च्या जागी नुसते १०००००० लिहिले की बेरीज तंतोतंत येते.

नॉर्वेच्या एरिक नॅगम यांनी १९९९ साली कालगणनेवर लिहिलेल्या निबंधातून ज्याची कल्पना निघाली, ते ‘लोकल-टाइम’ हे ग्रंथालय तर दिवस, सेकंद आणि नॅनोसेकंद असे तीन पूर्णांकच जपून ठेवते. वाचकांपैकी जे लिस्प लिहितात त्यांनी काळाची नोंद याच रीतीने पूर्णांकांत ठेवावी आणि दशांशाचा बिंदू केवळ छापतेवेळी द्यावा, एवढी विनंती आहे.