वयाच्या नावावर खपलेला आजार

खानापूर तालुक्यातल्या गुंजीच्या स्टेशनावरून सुटलेली गाडी लोंढ्याच्या दिशेनं रानात शिरते. या पट्ट्यात दिवेलागणीला घरातलं म्हातारं माणूस दिसेनासं झालं, की घरचे आधी रुळांकडे पळतात, मग रानाकडे. माणूस सापडतं, जीव भांड्यात पडतो. आणि मग ठरलेलं वाक्य येतं : वय झालं, म्हातारचळ लागलाय. त्या वाक्यावर सगळं थांबतं. डॉक्टर नाही, तपासणी नाही.

गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत स्मृतिभ्रंशाबद्दल जे जे कळत गेलं, त्यातलं बरंचसं या एका वाक्याच्या विरोधात जाणारं आहे. १९०६ साली डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी जर्मनीत ट्यूबिंगेनच्या सभेत जी रुग्ण मांडली, ती ऑगस्टे डेटर. १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या रुग्णालयात दाखल झाली तेव्हा ती अवघी एक्कावन्न वर्षांची होती. त्यामुळे पुढची कित्येक दशकं ‘अल्झायमर’ हा पन्नाशी-साठीतल्यांचा दुर्मीळ आजार मानला गेला आणि सत्तरीतलं विसरणं वयाच्या खात्यात गेलं. दोन्ही एकच आजार आहेत, हे मेंदूविकारतज्ज्ञ रॉबर्ट काट्झमन यांनी ठासून लिहिलं ते १९७६ मध्ये. पासष्टीच्या आत हा आजार झालेल्या माणसाला मात्र अजूनही ‘टेन्शन असेल’ म्हणून परत पाठवलं जातं.

आपल्याकडची गोष्ट १९९८ पासून धरावी. त्या वर्षी कोचीच्या परिषदेत ‘१०/६६’ हा संशोधकांचा गट उभा राहिला. स्मृतिभ्रंशाचे ६६ टक्के रुग्ण विकसनशील देशांत आणि त्यांच्यावरचं संशोधन दहा टक्क्यांहूनही कमी, म्हणून हे नाव. २००१ मध्ये विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांचा गोव्यातला अभ्यास आला. लक्षणं सांगितली की लोक लगेच ओळखत होते, पण हा आजार आहे असं कुणी मानत नव्हतं. वयानं असं होतंच, हे एक उत्तर. आणि मुलं नीट बघत नाहीत, माया करत नाहीत म्हणून असं झालं, हे दुसरं. मला हे दुसरं उत्तर जास्त क्रूर वाटतं. रात्री चारदा उठून सासूचं लुगडं बदलणाऱ्या सुनेलाच गाव दोषी धरतं. आपल्या खानापूर भागात याहून वेगळं काय बोललं जातं?

पुढं गोव्यातच बारदेस आणि तिसवाडी तालुक्यांत ८१ कुटुंबांबरोबर एक प्रयोग झाला. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी तो २००८ मध्ये प्रसिद्ध केला. स्थानिक भाषा येणाऱ्या, लिहिता-वाचता येणाऱ्या माणसांना आठवडाभर शिकवून घरोघरी पाठवलं. सहा महिने ती जात राहिली. आजार बरा झाला नाही, होणारही नव्हता. पण सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण कमी झाला. सांगायच्या गोष्टी साध्याच असतात : आजी पिशवीत लुगडं घालून ‘माहेराला जाऊन येतो’ म्हणाली, तर ‘माहेरी कोण उरलंय आता?’ असं म्हणायचं नाही. चार पावलं सोबत चालायचं, माहेरच्या भाताच्या शेताचं विचारायचं आणि बोलता बोलता वळवून घरी आणायचं. एवढं सांगणारं माणूसही बहुतेक घरांना भेटत नाही.

तपासणीतही वयाबरोबर शाळेचा पूर्वग्रह होता. जुन्या चाचण्यांत वाक्य लिहा, वाचून दाखवा, असं असे. शाळेची पायरी न चढलेली बाई तिथं नापासच व्हायची. हरियाणातल्या बल्लभगढला मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी तशी एक चाचणी हिंदीत नव्यानं बांधली, १९९५ मध्ये प्रसिद्ध केली : गावाविषयी प्रश्न, विसातून तीन-तीन वजा करणं. आणि शाळा नसली तरी डोकं रिकामं नसतं, हे २०१३ मध्ये हैदराबादेत सुवर्णा अल्लादी यांच्या अभ्यासात दिसलं. ६४८ रुग्णांत दोन भाषा बोलणाऱ्यांना लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झाली होती, आणि हा फरक निरक्षरांमध्येही होता. सगळ्याच अभ्यासांत असा फरक दिसलेला नाही. तरी घरात मराठी आणि बाजारात कन्नड बोलून उभी हयात काढलेल्यांच्या या मुलखात ही गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्याच वर्षीच्या ‘अस्तु’ चित्रपटात मोहन आगाशे यांचे स्मृती हरवलेले संस्कृत पंडित अमृता सुभाषच्या कन्नड बोलणाऱ्या चन्नम्मामध्ये आई पाहतात. माणूस हरवला तरी त्याची मायेची भूक शाबूत असते, हे मला कुठल्याही अहवालापेक्षा त्या चित्रपटानं जास्त पटवलं.

२०२३ मध्ये देशव्यापी पाहणीवरून अंदाज आला : साठीपुढच्या लोकांत स्मृतिभ्रंशाचे रुग्ण ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाख. आकडा मोठाच आहे. पण शंभरातल्या ब्याण्णव-त्र्याण्णव जणांना हा आजार नाही, हेही त्यातच आहे. मग हे ‘वयच’ कसं? शिवाय विसरायला लागलेल्या प्रत्येक माणसाला हाच आजार असतो असं नाही. थायरॉईड, बी-१२ ची कमतरता, नैराश्य, डोक्याला लागलेला मार यांनीही तसं होतं आणि वेळेत कळलं तर यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय आहे. दोन दिवसांत एकदम बरळायला लागलेल्या म्हाताऱ्याला कित्येकदा नुसता लघवीचा संसर्ग असतो.

कर्नाटकात २०२२ पासून बेंगळूरच्या निम्हान्स संस्थेच्या मदतीनं ‘कर्नाटक ब्रेन हेल्थ इनिशिएटिव्ह’ सुरू आहे. त्यातून खानापूर तालुक्यात तपासणी होईल तेव्हा ती मराठीत व्हायला हवी. आजीला तारीख विचारून भागणार नाही. श्रावण चाललाय की भादवा, भाताची लावणी झाली का, हे विचारावं लागेल. आणि गोव्यात आठवडाभरात जे शिकवलं गेलं, ते इथल्या आशाताईंना शिकवायला अडचण ती कसली?