कार्बनची क्रँक आणि धातूचा सांधा

सायकलस्वाराच्या पायांची सारी ताकद ज्या एका भागातून साखळीकडे आणि पुढे मागच्या चाकाकडे जाते, तो भाग म्हणजे क्रँकसेट. पेडल धरून ठेवणारे दोन दांडे म्हणजे क्रँक, त्यांना जोडणारा मधला आस, आणि उजव्या दांड्यावर बसवलेली एक किंवा दोन दातेरी चक्रे म्हणजे चेनरिंग, एवढा त्याचा पसारा असतो. आस ज्या बेअरिंगांवर फिरतो ती बेअरिंगे आणि त्यांचे कप मिळून बॉटम ब्रॅकेट होते, ज्याला दुकानांतून नुसते ‘बीबी’ म्हणतात. भारतातील जुन्या काळ्या सायकलीत हे दांडे पोलादी असत आणि एका बाजूने तिरकी घासलेली कॉटर पिन हातोडीने ठोकून ते आसावर पक्के केले जात. पिन झिजली की पेडलाच्या प्रत्येक फेरीला ‘कटक’ असा आवाज येई, आणि मिस्त्री काही मिनिटांत नवी पिन ठोकून देई. कार्बनच्या क्रँकेला ही हातोडी चालत नाही, आणि तिच्यातील बिघाड दर वेळी आवाज करून सांगतोच असेही नाही. स्वस्त कार्बन क्रँकसेटचा विचार करताना हा फरक आधी ध्यानात घ्यावा लागतो.

गेल्या काही वर्षांत चीनमधील श्यामेनसारख्या, कार्बनच्या वस्तू घडवणाऱ्या शहरांतून असे क्रँकसेट नामांकित कंपन्यांच्या मानाने बऱ्याच कमी किमतीत बाजारात येऊ लागले आहेत. नोव्हेंबर २०२० मध्ये भारत सरकारने अलीएक्सप्रेस या ॲपवर बंदी घातल्यापासून आपल्याकडे ते थेट मागवण्याचा एक मोठा रस्ता बंद झाला. त्यामुळे वस्तू आयातदाराकडून किंवा परदेशातून येणाऱ्या नातलगाच्या सामानातून येते, आणि चुकीचा माप-प्रकार आला तर परत पाठवणे जवळजवळ अशक्य होते. खरेदीआधीची मापजोख म्हणूनच येथे दुप्पट महत्त्वाची ठरते.

‘कार्बनची क्रँक’ हा शब्दप्रयोगही नीट तपासून घेण्याजोगा आहे. कार्बनचे बारीक तंतू इपॉक्सी या रेझिनमध्ये भिजवून त्यांचे पातळ पत्रे तयार करतात, ते ठरावीक दिशांनी एकावर एक रचतात आणि साच्यात उष्णता व दाब देऊन घट्ट करतात. तंतूची ताकद त्याच्या लांबीच्या दिशेने असते, आणि क्रँक एकाच वेळी वाकतही असते व पिळवटतही असते, म्हणून काही थर दांड्याच्या लांबीने आणि काही ४५ अंशांत तिरके असावे लागतात. तयार कार्बनची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे १.६ ग्रॅम, अ‍ॅल्युमिनियमची २.७ आणि पोलादाची ७.८ च्या आसपास असते, हे त्याच्या हलकेपणाचे रहस्य. परंतु पेडलाचे आटे कार्बनमध्ये पाडता येत नाहीत. तेथे अ‍ॅल्युमिनियमची आटेदार बुशी चिकटवावी लागते, आणि आसाकडच्या टोकालाही धातूचा गाभा लागतो. काही स्वस्त क्रँकांत तर अख्खा दांडा अ‍ॅल्युमिनियमचा असून त्यावर कार्बनची नुसती शोभेची त्वचा असते, आणि अशी क्रँक वजनाला साध्या धातूच्या क्रँकेइतकीच भरते.

खऱ्या कार्बन क्रँकेचे आयुष्य बहुधा कार्बनवर ठरत नाही. ते कार्बन आणि धातू यांच्यातील गोंदाच्या सांध्यावर ठरते. हा सांधा सांभाळणे मोठ्या कंपन्यांनाही सोपे गेलेले नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये शिमानोने २०१२ ते २०१९ या काळात बनलेल्या, ११ गियरच्या काही रोड क्रँकसेटची तपासणी करून सदोष नग बदलून देण्याची मोहीम जाहीर केली. ते दांडे संपूर्ण अ‍ॅल्युमिनियमचे होते, मात्र दोन भाग गोंदाने जोडून पोकळ केलेले होते आणि तो जोड सुटू लागला होता. एकट्या अमेरिकेत सुमारे ६,८०,००० संच या मोहिमेत आले आणि साडेचार हजारांहून अधिक ठिकाणी दांडे सुटल्याची नोंद झाली. कार्बनमध्ये याला आणखी एका कारणाची जोड मिळते. कार्बन विजेचा वाहक आहे, आणि घाम किंवा खारट पाणी मध्ये आले की कार्बन व अ‍ॅल्युमिनियम मिळून एक लहानसा विद्युत घटच तयार होतो, ज्यात अ‍ॅल्युमिनियम गंजत जाते. चांगला निर्माता या दोहोंमध्ये काचतंतूचा पातळ थर घालून त्यांचा थेट संपर्क तोडतो. स्वस्त वस्तूत तो थर आहे की नाही हे बाहेरून दिसत नाही. मुंबई, रत्नागिरी किंवा पणजीच्या खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात सायकल चालवणाऱ्यांनी ही गोष्ट घाटावरच्या स्वारांपेक्षा अधिक मनावर घ्यायला हवी.

खरेदीच्या वेळी पहिले माप आसाच्या व्यासाचे. शिमानोच्या पद्धतीचा आस २४ मिलिमीटरचा असतो आणि अनेक स्वस्त संच त्याच मापाचे असतात. काही ३० मिलिमीटरचे, तर स्रॅम या कंपनीच्या डब पद्धतीचे २८.९९ मिलिमीटरचे असतात, आणि या प्रत्येकाला वेगळे बेअरिंग लागते. दुसरे माप फ्रेमच्या नळीचे. आट्यांची, ६८ मिलिमीटर रुंदीची नळी असेल तर काम सोपे, कारण कप पान्याने बसतात. दाबून बसवायच्या बेअरिंगांच्या फ्रेममध्ये मात्र प्रेसचे अवजार लागते, आणि तेथे हातोडी वापरणे म्हणजे फ्रेम बिघडवणे. तिसरे माप दांड्याच्या लांबीचे. आपल्याकडे पूर्ण सायकलींवर १७० किंवा १७२.५ मिलिमीटरचे दांडे सर्रास येतात. मध्यम उंचीच्या स्वाराला १६५ चे दांडे अधिक सुखाचे पडतात, आणि नवा क्रँकसेट घेण्याचे वजनापेक्षा हे कारण कितीतरी सबळ आहे.

बसवण्याच्या कामात टॉर्क रेंच, म्हणजे ठरावीक पिळालाच थांबवणारा किंवा तो पीळ दाखवणारा पाना, हे एकच अवजार अपरिहार्य आहे. पीळ न्यूटन-मीटरमध्ये मोजतात; एक मीटर लांब पान्याच्या टोकाला सुमारे १०२ ग्रॅम वजन टांगल्यावर जो पीळ पडतो तो एक न्यूटन-मीटर. कपांच्या आट्यांना ग्रीस लावावे, आणि प्रचलित इंग्लिश आट्यांच्या नळीत उजव्या बाजूचा कप उलट दिशेने आवळला जातो हे विसरू नये. कप साधारण ३५ ते ५० न्यूटन-मीटरवर बसतात. आसाला ग्रीसचा पातळ हात देऊन तो उजवीकडून सरळ सरकवावा. तो अडला तर ठोकू नये, बेअरिंग तिरके बसले आहे का ते पाहावे. शिमानो पद्धतीत डावा दांडा खाचांवर बसवून टोकाची टोपी अगदी हलक्या हाताने, ०.७ ते १.५ न्यूटन-मीटरवर फिरवतात, कारण तिचे काम बाजूची ढिलाई काढण्याएवढेच आहे. दांडा धरून ठेवतात ते दोन आडवे बोल्ट, आणि ते आळीपाळीने थोडे थोडे करीत १२ ते १४ न्यूटन-मीटरवर न्यावे लागतात. क्रँकेवर निर्मात्याने वेगळा आकडा छापला असेल तर तोच पाळावा. मोठ्या चेनरिंगवरचा लहानसा खिळा उजव्या दांड्याच्या पाठीमागे यायला हवा, म्हणजे उतरलेली साखळी दांडा आणि चक्र यांच्या फटीत अडकून कार्बन खरवडत नाही. पेडल बसवताना निर्मात्याने दिलेला पातळ वॉशर मध्ये घालावा, नाहीतर पेडलाची कड कार्बनमध्ये रुतते. डाव्या पेडलाचे आटे उलटे असतात.

रस्त्यावर यातून काय मिळते, याचा हिशेब मांडणे अवघड नाही. स्वार आणि सायकल मिळून ८० किलो धरले आणि क्रँकसेटने १५० ग्रॅम वाचवले, तर ही बचत एकूण वजनाच्या ०.१९ टक्के होते. सिंहगडाचा घाट ४० मिनिटांत चढणाऱ्याचे जास्तीत जास्त चार-पाच सेकंद वाचतात. शिमानोचा सर्वांत वरचा ड्युरा-एस रोड क्रँकसेटही पोकळ अ‍ॅल्युमिनियमचाच आहे, ही गोष्ट येथे पुरेशी बोलकी आहे. उलट स्वस्त संचाचे खरे वैगुण्य अनेकदा चेनरिंगमध्ये असते: साखळी लहान चक्रावरून मोठ्यावर उचलणारे आतले उतार आणि खिळे नीट घडवलेले नसले, तर भर चढावर गियर बदलताना साखळी घसरते. दांडे ठेवून चेनरिंग तेवढ्या चांगल्या कंपनीच्या बसवता येत असतील, तर तो खर्च सार्थकी लागतो.

पहिल्या १०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने तपासावेत, आणि पुढे दर महिन्याला, पावसाळ्यात दर आठवड्याला, दांडे पुसून पाहावेत. बुटाच्या टाचेने वरचे आवरण घासले जाते, म्हणून तेथे पारदर्शक फिल्म लावावी. बुशीच्या कडेला पांढरी भुकटी दिसणे, केसासारखी रेघ उमटणे, पेडल दांड्यात किंचित हलणे, किंवा नाण्याने टिचकी मारल्यावर एका जागी आवाज बोदा येणे, ही सांधा सुटू लागल्याची लक्षणे आहेत.

कमी वजनाच्या, बेताने पेडल मारणाऱ्या आणि स्वतःच्या हाताने तपासणी करणाऱ्या स्वाराने, स्वतःच्या नावाने माल विकणाऱ्या निर्मात्याचा, आयएसओ ४२१० या मानकाची चाचणी पार केलेला नवा संच घ्यायला हरकत नाही. या मानकातील थकवा-चाचणीत शर्यतीच्या क्रँकेवर १,८०० न्यूटनचा, म्हणजे जवळपास १८३ किलो वजनाचा, भार हजारो वेळा दिला जातो. दगडधोंड्यांच्या वाटेवर जाणाऱ्याने, जोरकस स्प्रिंट मारणाऱ्याने, आणि तपासणीला वेळ नसलेल्याने अ‍ॅल्युमिनियमच ठेवावे. प्रसिद्ध कंपनीचे खोटे नाव छापलेला किंवा कोणीतरी वापरलेला कार्बन क्रँकसेट मात्र कोणीच घेऊ नये. आणि पेडलाची बुशी एकदा हलू लागली, की तिला घरच्या गोंदाने परत चिकटवण्याच्या फंदात न पडता ती क्रँक त्याच दिवशी सायकलवरून उतरवावी.