शोधश्वानाचे भुंकणे : एक संकेत

ठाणे-कल्याणनजीकच्या भिवंडीत २१ सप्टेंबर २०२० रोजी पहाटे तीनमजली इमारत कोसळली, तेव्हा राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाने शोधकार्यात श्वानांचे साहाय्य घेतले. अशा श्वानाचे भुंकणे हा शिकविलेला संकेत होय. प्रथम माणूस त्याच्या डोळ्यांदेखत लपतो. श्वान भुंकताच त्याला खेळणे मिळते. पुढे माणूस ढिगाऱ्याखाली अदृश्य होतो व केवळ गंध उरतो. अन्नावर वा कपड्यांवर भुंकल्यास बक्षीस नाही. त्यायोगे संकेताचा अर्थ निश्चित होतो. मात्र श्वान शिक्षकाच्या हालचालीही टिपतो. म्हणून लपण्याची जागा शिक्षकालाही अज्ञात असावी. अन्यथा 'येथे जिवंत माणूस आहे' याऐवजी 'तुम्हांस येथे अपेक्षा आहे' एवढाच अर्थ उरेल, आणि खोदणारे हात भलत्याच जागी गुंततील.