कोणी वाचावे, कोणी लिहावे, कोणी चालवावे?

समजा, मुलांकडून पाढे पाठ करून घेणारा एक छोटा प्रोग्रॅम तुम्ही लिहिला आणि त्याचे नाव ठेवले 'पाढे'. तुमच्या लिनक्स संगणकावर तो उत्तम चालतो. मग तुम्ही त्याचे पॅकेज बांधता आणि शाळेच्या संगणक-कक्षात बसवायला देता. शिक्षक ते बसवतात, स्वतः एकदा चालवून पाहतात. सारे ठीक असते. पण पाचवीतली मुले आपापल्या नावाने संगणक उघडतात, तेव्हा 'परवानगी नाही' एवढेच उत्तर पडद्यावर उमटते. प्रोग्रॅममध्ये तर एका अक्षराचीही चूक नाही. मग चूक आहे तरी कोठे?

चूक आहे ती फायलींना दिलेल्या परवानग्यांत. हा विषय वरवर किरकोळ वाटतो. परंतु परवानगी कमी पडली तर प्रोग्रॅम निरुपयोगी ठरतो आणि जास्त झाली तर साऱ्या संगणकाची सुरक्षितता धोक्यात येते. म्हणून तो नीट समजून घेऊ या.

तीन प्रकारची माणसे, तीन प्रकारची कामे

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन, डेनिस रिची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली युनिक्स या प्रणालीच्या कामास आरंभ केला. त्या काळी संगणक महाग असत आणि एकाच यंत्रावर अनेक माणसे काम करीत. साहजिकच एकाची फाईल दुसऱ्याने बिघडवू नये, अशी सोय प्रणालीतच असणे आवश्यक होते. लिनस टोरवाल्ड्‌स यांनी १९९१ साली सुरू केलेल्या लिनक्सनेही युनिक्सचीच परवानग्यांची पद्धत उचलली.

या पद्धतीत प्रत्येक फाईलच्या दृष्टीने माणसांचे तीन वर्ग पडतात : फाईलचा मालक, तिचा गट आणि इतर सर्व जण. प्रत्येक वर्गाला तीन कामांची परवानगी देता येते किंवा नाकारता येते : वाचणे, लिहिणे आणि चालवणे. तीन वर्ग आणि तीन कामे, म्हणजे एकूण नऊ प्रश्न झाले. प्रत्येकाचे उत्तर फक्त 'होय' किंवा 'नाही'.

जेथे केवळ होय-नाही असते, तेथे द्विमान पद्धत उपयोगी पडते. वाचण्यास ४, लिहिण्यास २ आणि चालवण्यास १ असे अंक ठरवले आहेत. दिलेल्या परवानग्यांच्या अंकांची बेरीज केली की त्या वर्गाचा अंक मिळतो. ४, २ आणि १ यांची कोणतीही बेरीज घ्या, ती एकाच प्रकारे होते. म्हणून बेरजेवरून परवानग्या निःसंदिग्धपणे ओळखता येतात.

७५५ ही संख्या पाहा. मालकाला ७, म्हणजे ४ + २ + १ : तो वाचू, लिहू आणि चालवू शकतो. गटाला व इतरांना प्रत्येकी ५, म्हणजे ४ + १ : ते वाचू व चालवू शकतात, पण बदल करू शकत नाहीत. प्रोग्रॅमला हीच संख्या शोभते. ६४४ म्हणजे मालकाने लिहावे व वाचावे, बाकीच्यांनी फक्त वाचावे. माहितीच्या फायलींना ही योग्य होय.

फोल्डरच्या, म्हणजेच डिरेक्टरीच्या, बाबतीत या कामांचा अर्थ थोडा बदलतो. डिरेक्टरी 'वाचणे' म्हणजे आतील नावांची यादी पाहणे. 'चालवणे' म्हणजे तिच्यातून आत जाणे. आणि 'लिहिणे' म्हणजे आत नवी फाईल ठेवणे किंवा असलेली काढून टाकणे. यातून एक चमत्कारिक वाटणारी गोष्ट निघते. फाईल पुसण्याची परवानगी त्या फाईलवर नव्हे, तर ती ज्या डिरेक्टरीत आहे तिच्यावर अवलंबून असते! खोलीचे दार सताड उघडे असेल, तर आतल्या पेटीला कुलूप असून काय उपयोग? पेटीच कोणी उचलून नेईल.

पॅकेजमध्ये परवानग्या येतात कोठून?

डेबियन या लिनक्स प्रणालीचे उदाहरण घेऊ. इयन मर्डॉक यांनी ती १९९३ साली सुरू केली. आपल्याकडील सी-डॅक या संस्थेने तयार केलेली 'बॉस' ही प्रणालीही डेबियनवर आधारलेली आहे. डेबियनचे पॅकेज हा एक गठ्ठा असतो. त्यात पॅकेजची ओळख सांगणारा एक भाग आणि प्रत्यक्ष फायलींचा दुसरा भाग असतो. या दुसऱ्या भागात प्रत्येक फाईलच्या मजकुराबरोबर तिचा मालक, गट आणि परवानग्या यांचीही नोंद असते.

पॅकेज बसवण्याचे काम 'रूट' या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या अधिकाराने चालते. गठ्ठ्यात जी नोंद असेल ती नव्या संगणकावर जशीच्या तशी उतरवली जाते. म्हणजे तुमच्या संगणकावर सहज पडलेली एक संख्या पॅकेजबरोबर प्रवास करीत शेकडो संगणकांवर जाऊन बसते.

ही संख्या मुळात पडते कशी? नवी फाईल निर्माण होताना साधारणतः ६६६ आणि डिरेक्टरी किंवा तयार झालेला प्रोग्रॅम यांसाठी ७७७ मागितले जाते. परंतु प्रत्येक वापरकर्त्याच्या मागे 'यूमास्क' नावाची एक चाळणी असते. चाळणीत लिहिलेल्या परवानग्या मागणीतून काढून टाकल्या जातात. चाळणी ०२२ असेल, तर गटाची व इतरांची लिहिण्याची परवानगी (२) जाते आणि ६४४ व ७५५ उरतात. चाळणी ००२ असेल, तर ६६४ व ७७५ उरतात. कोणी सावधगिरीने ०७७ ठेवली असेल, तर ६०० व ७०० एवढेच उरते.

(ही वजाबाकी नव्हे, हे ध्यानात ठेवा. ६ मध्ये १ नसतोच; तेव्हा त्यातून १ काढायला सांगितले तरी ६ तसाच राहतो, ५ होत नाही.)

आता आरंभीचे कोडे सुटते. पॅकेज बांधताना तुमची चाळणी ०७७ होती. त्यामुळे 'पाढे' या फाईलला ७०० ही परवानगी मिळाली. तुमच्या संगणकावर फाईलचे मालक तुम्हीच, म्हणून अडचण आली नाही. शिक्षकांनी ती रूट म्हणून चालवली आणि रूटला अशी बंधने लागत नाहीत. मुले मात्र 'इतर' या वर्गात मोडतात आणि त्यांच्या वाट्याला शून्य आले! एकाच मजकुरापासून तिघांनी पॅकेज बांधले आणि तिघांच्या चाळण्या वेगळ्या असल्या, तर तीन निरनिराळी पॅकेजे तयार होतात ती यामुळेच.

रोगापेक्षा औषध भयंकर

अशा वेळी पुष्कळ जण घाईने ७७७ देऊन मोकळे होतात. प्रोग्रॅम चालतो, आणि सारे खूश होतात. परंतु ७७७ म्हणजे संगणकावरील कोणीही तो प्रोग्रॅम बदलू शकतो. एखाद्याने त्यात सर्व फायली पुसण्याची आज्ञा लिहून ठेवली आणि पुढे शिक्षकांनी रूट म्हणून तो चालवला, तर ती आज्ञा रूटच्या अधिकाराने पार पडेल. सामान्य वापरकर्त्याला नसलेले सामर्थ्य त्याला अशा आडवाटेने मिळते.

मालकीचाही असाच एक सापळा आहे. संगणक वापरकर्त्यांना आतून क्रमांकाने ओळखतो. डेबियनमध्ये पहिल्या सामान्य वापरकर्त्याचा क्रमांक सहसा १००० असतो. तुमच्या मालकीच्या फायली तशाच पॅकेजमध्ये गेल्या आणि तुमच्या नावाचा वापरकर्ता नव्या संगणकावर नसला, तर तेथे जो कोणी १००० क्रमांकाचा असेल तो त्या फायलींचा आयता मालक बनतो. म्हणून पॅकेजमधील फायलींचा मालक व गट रूट असावा, हा सर्वसाधारण नियम आहे. त्यासाठी 'फेकरूट' हे साधन वापरतात. खरा रूटचा अधिकार न घेताही ते मालकीची नोंद रूटच्या नावे करवते.

एक विशेष परवानगी तर फारच जपून वापरावी लागते. तिचे नाव 'सेट-यूआयडी'. ती असलेला प्रोग्रॅम कोणीही चालवला तरी तो मालकाच्या अधिकाराने चालतो. स्वतःचा पासवर्ड बदलताना सामान्य माणसाला रूटच्या गुप्त फाईलमध्ये नोंद करावी लागते. ती याच युक्तीने होते. या कल्पनेसाठी डेनिस रिची यांच्या नावे १९७९ साली अमेरिकेत पेटंट मंजूर झाले होते. पाढे म्हणवून घेणाऱ्या प्रोग्रॅमला अर्थातच तिचे कारण नाही.

मग करावे काय?

पहिली गोष्ट, चाळणीच्या भरवशावर राहू नये. प्रत्येक फाईलची संख्या स्वतः ठरवून ती स्पष्ट सांगावी. 'इन्स्टॉल' ही आज्ञा फाईलची प्रत योग्य जागी ठेवते आणि सांगाल ती परवानगी देते. काहीच सांगितले नाही, तर ती ७५५ देते. म्हणून माहितीच्या फायलींसाठी ६४४ आवर्जून सांगावे लागते. डिरेक्टरींना ७५५ द्यावे. नाहीतर आतील फायली ६४४ असूनही तेथवर कोणी पोचणार नाही.

दुसरी गोष्ट, तयार साधनांची मदत घ्यावी. डेबियनमधील 'डीएच-फिक्सपर्म्स' हे साधन गटाची व इतरांची लिहिण्याची परवानगी काढते, प्रोग्रॅमच्या नेहमीच्या डिरेक्टरींतील फायली चालण्याजोग्या करते आणि सेट-यूआयडीही काढून टाकते. मात्र एखाद्या फाईलमध्ये पासवर्डसारखे गुपित असेल, तर ६४४ चालणार नाही. तेथे ६४० किंवा ६०० असा विचार आपणच करायला हवा.

तिसरी गोष्ट, पॅकेज दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी 'डीपीकेजी-डेब' या आज्ञेने आतील यादी उघडून प्रत्येक ओळ पाहावी. आणि शेवटी ते दुसऱ्या संगणकावर बसवून, रूट म्हणून नव्हे, तर अगदी सामान्य वापरकर्ता म्हणून चालवून पाहावे. बांधणाऱ्याला आणि रूटला सारीच दारे उघडी दिसतात. बंद दार कोठे आहे, ते 'इतर' वर्गातल्या माणसालाच कळते.

करून पाहा

एका मुलीची चाळणी ०२७ आहे. तिने काहीही वेगळे न सांगता पॅकेज बांधले. तिच्या माहितीच्या फायलींना व प्रोग्रॅमला कोणत्या संख्या मिळतील? शाळेतील इतर मुलांना तो प्रोग्रॅम चालवता येईल काय?

(उत्तर : ६४० आणि ७५०. इतरांच्या वाट्याला शून्य येत असल्याने त्यांना चालवता येणार नाही.)